केमिस्ट्री पास, कास्टिंग नापास! लोखंडाच्या पोटात नक्की चालतं काय?

परवा रात्री साडेदहाला भाच्याचा फोन. पोरगं आयटीआय करून कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत (लोखंड वितळवून साच्यात ओततात तो कारखाना) चिकटलंय, अजून वर्ष पण झालं नाही. आवाज रडवेला. "मामा, रिपोर्ट सगळा ओके हाय, कार्बन बसलाय, सिलिकॉन बसलंय, मॅग्नेशियम पण बसलंय, तरी कस्टमर म्हणतोय पीस तुटाय लागलेत, परत न्या. आता ह्येचं काय करायचं?"

मी बावीस वर्षं कोल्हापूरजवळ शिरोलीत फौंड्रीच्या लॅबमध्ये काढली, त्यामुळे हा प्रश्न मला नवीन नाही, मालक विचारतो, टर्नर विचारतो, एकदा तर बँकेच्या साहेबांनी पण विचारला होता. माल तोच, रेसिपी तीच, मग एक पीस वाकतो आणि दुसरा काचेसारखा फुटतो कसा? आणि हे फक्त फौंड्रीवाल्यांचं दुखणं नाही बरं का. बंगला बांधणारा विचारतो की दगड तोच मग नदीची वाळू आणि क्रश सँडमध्ये फरक का पडावा, घरात बायको विचारते दूध तेच, लोणी तेच, मग या वेळेला तूप रवाळ का नाही झालं. माझ्या मते या सगळ्याचं उत्तर एकच आहे: वस्तू कशाची बनलीय ही निम्मीच माहिती असते, उरलेली निम्मी म्हणजे आतले अणू कसे रचलेत आणि आतल्या कणांचा आकार कसा आहे. रिपोर्टात पहिली निम्मी येते, तिलाच आम्ही केमिस्ट्री म्हणतो. पीस तुटतो तो दुसऱ्या निम्म्यापायी.

भाच्याला फोनवर एवढं सांगून भागलं नाही, म्हणून म्हटलं सगळ्यांसाठीच लिहून टाकू.

मोसंब्याच्या राशीपासून सुरुवात

कपिलतीर्थ मंडईकडं गेलात की फळवाला मोसंबी कशी रचतो ते बघा. खालच्या थरात जिथं तीन मोसंब्यांच्या मधे खळगा पडतो तिथं वरचं मोसंबं बसवतो, मग त्यावर परत तसंच. याच्यापेक्षा दाट रचता येत नाही असं केप्लरनं १६११ मध्ये लिहून ठेवलं होतं, पण गणितानं ते सिद्ध करायला १९९८ उजाडलं, थॉमस हेल्स नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं केलं. आमच्या फळवाल्याला ते आधीच माहीत होतं हा भाग वेगळा. या रचनेत जागेचा ७४ टक्के भाग भरतो. तीच मोसंबी पोत्यात नुसती ओतली तर ६४ टक्क्यांच्या आसपासच भरतो, म्हणजे फळं तीच पण रचना बदलली की पोतं बदललं.

अणूंचं असंच. अणू ठरावीक नक्षीत, चारी बाजूंनी तीच तीच नक्षी परत परत येईल असे रचले गेले की त्या वस्तूला स्फटिक म्हणायचं आणि त्या नक्षीला लॅटिस. स्फटिक म्हटलं की आपल्याला तुरटी नाहीतर खडीसाखर आठवते, पण लोखंड, तांबं, चांदी हे सगळे पण स्फटिकच. घरातलं मीठ भिंगाखाली धरा, बारके बारके चौकोनी ठोकळे दिसतील. ते कोणी कापून केलेले नसतात, आत सोडियम-क्लोरिनची रचनाच चौकोनी असते म्हणून कण पण तसाच वाढतो.

हिरा आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाईट हे उदाहरण तुम्ही शाळेत ऐकलंय, दोन्ही निव्वळ कार्बन, हिऱ्यात प्रत्येक अणूला चार शेजारी घट्ट धरून असतात आणि ग्रॅफाईटमध्ये तीनच, तेही एकाच पातळीत, त्यामुळे कागदाच्या गठ्ठ्यासारखे थर होतात आणि थर एकमेकांवरून सटकतात. पेन्सिल लिहिते ती त्यामुळेच. ग्रॅफाईटचे हे थर लक्षात ठेवा, भाच्याच्या कास्टिंगचा सगळा घोळ तिथंच आहे.

लोखंड गरम केलं की आतली रांग बदलते

थंड लोखंडात अणू असे बसतात की ठोकळ्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ आणि मधोमध एक. ९१२ अंशांच्या वर तापवलं की हेच अणू उठून फळवाल्याच्या रचनेत बसतात. घन लोखंडच आहे अजून, वितळलेलं नाही, वितळायला १५३८ अंश लागतात, पण आतल्या आत सगळी बैठक बदलते. आधीच्या रचनेत ६८ टक्के जागा भरलेली होती, आता ७४, त्यामुळे ९१२ ला लोखंड तापत असताना फुगायचं सोडून चक्क एक टक्क्याच्या आसपास आक्रसतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

गंमत पुढंच आहे. या दाट रचनेत कार्बन जास्त मावतो. दाट असून जास्त कसा मावतो? एसटीत लोक कसेही पसरून बसले की थोडी थोडी जागा सगळीकडं वाया जाते पण कुठंच धड बॅग ठेवता येत नाही, आणि तेच नीट सरकून बसले की एका कोपऱ्यात चांगली बॅग मावेल एवढी जागा निघते. तसं आहे हे, फटी कमी पण मोठ्या. आकड्यात सांगायचं तर थंड्या रचनेत फार तर ०.०२ टक्के कार्बन विरघळतो आणि गरम रचनेत २.१ टक्क्यांपर्यंत, म्हणजे शंभर पट.

आता ऊसतोडीचा कोयता करणारा लोहार बघा. तो पातं लालभडक करतो आणि एकदम पाण्यात बुडवतो, आपण म्हणतो कोयत्याला पाणी पाजलं. लाल असताना कार्बन मोठ्या फटीत आरामात बसलेला असतो, पाण्यात घातल्यावर लोखंडाला जुन्या रचनेत परत यायचं असतं पण कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आत अडकतो आणि अख्खी लॅटिस ताणून धरतो. त्या ताणामुळं पातं कडक होतं, धार टिकते. पण नुसतं असंच सोडलं तर पहिल्याच घावाला टवका उडेल, म्हणून परत थोडं शेकून घेतात, म्हणजे थोडासा कार्बन सुटतो आणि ताण जरा उतरतो. हे सगळं तो पात्याचा रंग बघून करतो, थर्मामीटर नाही काही नाही. पाणी पाजायच्या आधी आणि नंतर केमिस्ट्री लावून बघा, एक आकडा बदललेला नसतो.

चांदी ठोकली की कडक का होते? सतरंजीची गोष्ट

हुपरीत चांदीचं काम बघितलं असेल तर माहीत असेल, तार ओढत गेलं की ती कडक होत जाते, शेवटी तडकायच्या बेताला येते, मग तिला तापवतात की परत मऊ. वजन तेच, चांदी तीच.

मोठी सतरंजी हॉलभर पसरलीय आणि तुम्हाला ती वीतभर सरकवायचीय. एका टोकाला धरून ओढली तर दम निघेल. पण एका बाजूला एक सुरकुती करून ती सुरकुती पायानं पुढं ढकलत नेली की सतरंजी अलगद सरकते. धातूत अशाच सुरकुत्या असतात, अणूंच्या रांगेतल्या चुका, कुठं एक अर्धी रांग जास्तीची घुसलेली. धातू वाकतो तेव्हा अख्खे थर एकदम सरकत नाहीत, या चुका पुढं पुढं सरकतात. १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी या तिघांनी वेगवेगळं बसून हीच गोष्ट मांडली, कारण तोपर्यंतचं कोडं हे होतं की हिशोबानं धातू जेवढा ताकदवान निघायला हवा त्याच्यापेक्षा तो प्रत्यक्षात हजार पट पण कमी का भरतो.

सोनं, चांदी, तांबं, ॲल्युमिनियम यांची रचना मोसंब्यावाली, तिच्यात सरकायला वाटा भरपूर, म्हणून सोन्याचा वर्ख निघतो. जस्ताची रचना दाटच पण षटकोनी, तिच्यात सहज सरकायच्या वाटा मोजक्याच, म्हणून ते वाकायला कुरकुरतं. आणि ठोकून ठोकून या सुरकुत्या इतक्या वाढतात की एकमेकींत अडकतात, गणेशोत्सवात महाद्वार रोडला माणसं अडकतात तशा, मग कोणीच पुढं सरकेना. म्हणजे धातू कडक. तापवलं की अणूंना हलायला जोर येतो, गर्दी पांगते, परत मऊ.

साज करताना चोख सोनं का वापरत नाहीत याचं उत्तर पण इथंच आलं बघा. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं आणि बाकी बहुतेक तांबं-चांदी. तांब्याचा अणू सोन्यापेक्षा लहान, तो रांगेत बसला की रांग तिथं थोडी खचते आणि सुरकुती त्या खड्ड्यात अडकते. चांदीचा अणू जवळजवळ सोन्याच्याच मापाचा, त्यामुळे निव्वळ चांदी मिसळून तेवढा कडकपणा येत नाही. सराफ भेसळ करतो म्हणून आपण उगाच ओरडतो, थोडी 'भेसळ' नसेल तर साजाची पानं बोटानं वाकतील.

रवाळ तूप, कणीदार गूळ आणि जीआय पत्रा

आत्तापर्यंत मी असं बोललो की जणू अख्खा तुकडा एकच स्फटिक आहे. तसं नसतं. धातू थंड होताना हजार ठिकाणी एकदम स्फटिक वाढायला लागतात, प्रत्येकाची दिशा वेगळी, आणि वाढता वाढता एकमेकांना जाऊन भिडतात. या प्रत्येकाला दाणा म्हणायचं. नवीन जीआय पत्र्यावर किंवा बादलीवर फुलाफुलांची चमकदार नक्षी दिसते ना, ते जस्ताचे दाणे, नुसत्या डोळ्यांना दिसणारे. एवढं सोपं उदाहरण पुस्तकात का देत नाहीत कुणास ठाऊक.

दाणा किती मोठा होणार हे थंड कसं करता त्यावर. तूप कढवून हळूहळू निवू दिलं की रवाळ, आणि घाईत फ्रीजमध्ये सरकवलं की लोण्यासारखं गुळगुळीत, कारण पटकन थंड केल्यावर एकदम लाखो ठिकाणी सुरुवात होते आणि कोणालाच वाढायला जागा राहत नाही. गुऱ्हाळावर गुळव्याचं निम्मं कसब यातच असतं, काहिलीतला पाक कधी उतरवायचा, वाफ्यात किती हलवायचा, त्यावर गुळाच्या रव्याला कणी कशी येणार ते ठरतं. खडीसाखर तर दोऱ्यावर दिवसच्या दिवस शांत ठेवून वाढवतात म्हणून तेवढे मोठे खडे येतात.

धातूत बारीक दाणा म्हणजे साधारणपणे ताकद जास्त, कारण सुरकुती एका दाण्यातून सुटली तरी शेजारच्या दाण्याची दिशा वेगळी, तिथं तिला परत नव्यानं सुरुवात करावी लागते. प्रत्येक चौकात सिग्नल लागल्यासारखं. हॉल आणि पेच या दोघांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याचं सूत्रच बांधलं.

पण नेहमीच बारीक चांगला असं नाही. विमानाच्या इंजिनात जी पाती रटरटत्या उष्णतेत फिरतात तिथं दाण्यांच्या सीमाच आधी ढिल्या पडतात, म्हणून ती पाती अख्खी एकाच स्फटिकाची ओततात, सीमाच नको. म्हणजे काम काय आहे त्याप्रमाणे दाणा.

आता मूळ मुद्दा: पोहे की मोहरी?

कास्ट आयर्नमध्ये साधारण साडेतीन टक्के कार्बन असतो. ओतल्यानंतर यातला बराचसा ग्रॅफाईट होऊन बाहेर पडतो. साडेतीन टक्के ऐकायला काहीच नाही, पण ग्रॅफाईट हलकं असल्यामुळं जागेच्या हिशोबानं दहा टक्क्यांच्या आसपास जागा खातं. आणि ग्रॅफाईटला ओढ सहन करायची ताकद लोखंडापुढं शून्यच धरा. म्हणजे लोखंडाच्या पोटात दहा टक्के पोकळीच आहे म्हणा ना.

आता ही पोकळी पोह्याच्या आकाराची असेल तर ते ग्रे आयर्न. मोहरीच्या आकाराची असेल तर एसजी आयर्न, म्हणजे स्फेरॉइडल (गोलगोल) ग्रॅफाईटवालं. बाकी केमिस्ट्री जवळपास सारखीच.

आकारानं एवढा काय फरक पडतो? कापडाच्या दुकानात बघा, दुकानदार कात्रीनं काठाला एक बारीक नख मारतो आणि मग टर्रकन दोन मीटर फाडतो. नख मारल्याशिवाय फाडून दाखव म्हटलं तर पैलवान लागेल. शाम्पूच्या पुडीला कडेला दाते असतात तेही त्यासाठीच. टोकदार चीर असली की सगळा ओढा त्या टोकाशी जाऊन गोळा होतो. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरनं याचा हिशोब काढला: पत्र्याला गोल भोक असेल तर भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. तेच भोक लांबट असेल, रुंदीच्या दहा पट लांब, तर टोकाशी ताण एकवीस पट. भोक लहान-मोठं किती याच्याशी याचा संबंध नाही, आकाराशी आहे. आपला गॅरेजवाला चिरलेल्या पत्र्यात चिरेच्या टोकाला ड्रिलनं गोल भोक मारतो की चीर पुढं जाऊ नये, त्यानं इंग्लिसचं नाव कधी ऐकलेलं नसतं.

तर पोह्याच्या कडा म्हणजे हजारो नखं आधीच मारून ठेवलेली. मोहरी म्हणजे गोल भोकं. ग्रे आयर्नचा एफजी २६० ग्रेड घ्या, दर चौरस मिलिमीटरला २६० न्यूटन म्हणजे साधारण २६ किलो ओढ सहन करतो आणि ताणून लांब होणं जवळजवळ नाहीच, एक टक्का पण नाही, सरळ कटकन तुटतो. एसजी ५००/७ घ्या, ५० किलोच्या वर ओढ घेतो आणि तुटायच्या आधी सात टक्के लांब होतो. ४००/१५ तर पंधरा टक्के. कास्ट आयर्न वाकतं असं माझ्या आज्ज्याला सांगितलं असतं तर त्यानं वेड्यात काढलं असतं.

हे जमलं कसं? १९४३ मध्ये कीथ मिलिस हे अमेरिकेत इंटरनॅशनल निकेलच्या लॅबमध्ये कास्ट आयर्नमध्ये क्रोमियमच्या जागी दुसरं काय चालेल ते शोधत होते, त्यात मॅग्नेशियम घालून बघितलं आणि ग्रॅफाईट गोळ्या गोळ्या होऊन बसलं. शोधायला गेले एक आणि सापडलं दुसरंच.

आणि इथं लॅटिस आणि आकार एकत्र येतात, हे मला सगळ्यात आवडतं. ग्रॅफाईट म्हणजे थर हे आपण वर बघितलं. वितळलेल्या लोखंडात गंधक आणि ऑक्सिजन असतात, ते ग्रॅफाईटच्या थराच्या कडेला चिकटतात आणि मग ग्रॅफाईट कडेकडेनंच पसरत जातं, पोहा तयार. मॅग्नेशियम घातलं की ते आधी गंधक-ऑक्सिजनला धरून बाजूला घेतं, वाट साफ झाली की ग्रॅफाईट कडेनं पसरायचं सोडून थरावर थर चढवत मधल्या ठिपक्यापासून सगळीकडं फुगत जातं, कोबीचा गड्डा वाढतो तसं. लागतं किती? शेवटी लोखंडात ०.०३ ते ०.०५ टक्के मॅग्नेशियम उरलं की पुरे. दहा हजारात तीन ते पाच भाग, आणि तेवढ्यावर पोह्याची मोहरी.

मग ग्रे आयर्न म्हणजे टाकाऊ माल का?

अजिबात नाही, आणि हा गैरसमज आमच्या धंद्यातल्या लोकांत पण आहे. पोह्यांचे फायदे आहेत. हादरा आला की तो त्या ग्रॅफाईटमध्ये जिरतो, म्हणून लेथचा बेड ग्रे आयर्नचा, थरथरला तर जॉबवर लाटा उमटतील. पोहे एकमेकांना भिडलेले असल्यामुळं उष्णता पटकन वाहून जाते, म्हणून ब्रेक ड्रम ग्रे आयर्नचा. मशीनिंगला सोपं, बुरा आपोआप तुटून पडतो. आणि दाबाखाली त्या चिरा उघडत नाहीत, मिटतात, त्यामुळे ओढीला जेवढं सहन करतं त्याच्या तीन-चार पट दाबाला करतं. जिथं ओढ, वाक, धक्का आहे तिथं एसजी: क्रँकशाफ्ट, ॲक्सलचे भाग. पाणीपुरवठ्याच्या कामात डीआय पाईप म्हणतात, त्यातला डीआय म्हणजे डक्टाईल आयर्न, आपलं एसजीच.

रिपोर्टात हे का दिसत नाही?

स्पेक्ट्रोवर, म्हणजे केमिस्ट्री मोजायच्या मशीनवर, जो नमुना लावतात तो तांब्याच्या साच्यात ओतून झटकन थंड केलेला असतो, मुद्दाम. एवढं झटकन की ग्रॅफाईटला तयार व्हायला वेळच मिळत नाही, कार्बन लोखंडाशी जोडलेलाच राहतो, तुकडा तोडला तर आत पांढरा दिसतो. मशीनला बरोबर आकडे यायला असाच नमुना लागतो. पण याचा अर्थ असा की ज्या तुकड्याचा रिपोर्ट निघतो त्यात ना पोहे असतात ना मोहरी. ग्रॅफाईटच्या आकाराबद्दल तो रिपोर्ट बोलूच शकत नाही, आणि लोक तोच कागद कस्टमरच्या तोंडावर नाचवतात.

आकार बघायचा तर तुकडा कापा, आरशासारखा घासा आणि शंभर पट मोठा करून मायक्रोस्कोपखाली बघा. मग शंभरातल्या किती गोळ्या खरंच गोल आहेत ते मोजायचं. घाईचा उपाय पण आहे, हातोडी मारून ऐका. एसजी घंटेसारखं खणखणतं, ग्रे थप्प बोलतं, कारण पोहे आवाज पण जिरवतात. आमच्याकडं एक जुने फेटलर (ओतलेले पीस घासून साफ करणारे) होते, ढिगातून चालत जाताना टणाटण मारत जायचे आणि खराब पीस बाजूला फेकायचे, मायक्रोस्कोपनं बघितलं तर बहुतेक वेळा तेच बरोबर. आता अल्ट्रासोनिक मीटर येतो, चांगल्या एसजीमध्ये आवाज सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास पळतो, पोहे असतील तर बराच मंद.

वाळूचं काय मग?

कणाचा आकार म्हटलं की घर बांधणाऱ्यांचा प्रश्न येतोच. नदीच्या वाळूचा कण वर्षानुवर्षं पाण्यात गडगडत येतो, कोपरे झिजतात. क्रशरमधला काळा दगड फुटतो तो कोपऱ्यांचा, आणि क्रशर जुनाट असेल तर चपट्या कपच्या पण भरपूर. कोपरेवाले कण एकमेकांत अडकतात, तेवढंच काँक्रीट हाताळायला सारखं व्हायला पाणी जास्त लागतं. गवंडी मग नळी सोडतो आणि जास्तीचं पाणी वाळल्यावर मागं भोकं ठेवून जातं. म्हणजे घर कमजोर होतं ते कोपऱ्यांमुळं नाही, कोपऱ्यांवर उपाय म्हणून ओतलेल्या पाण्यामुळं. व्हीएसआय नावाच्या क्रशरमध्ये दगडावर दगड आपटून कपच्या मोडतात आणि कण ठोकळ्यासारखा येतो, धूळ धुतलेली असेल तर अशा क्रश सँडचं काँक्रीट नदीच्या वाळूच्या तोडीस तोड होतं. ट्रक खाली करायच्या आधी मूठभर हातात घेऊन बघा, नखाएवढ्या चपट्या कपच्या दिसल्या की ड्रायव्हरला थांबवा.

गोल चांगला आणि कोपरेवाला वाईट असं पण समजू नका. रेल्वे रुळाखालची खडी मुद्दाम टोकदार घेतात, गोल गोटे टाकले तर गाडीच्या वजनानं बाजूला पळतील. उलट फौंड्रीत कोअरला (पीसमधे पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो वाळूचा गाभा) गोल दाण्याची वाळू बरी, कारण गोल दाण्याचा पृष्ठभाग कमी, दाणे चिकटवायला रेझिन कमी लागतं, पैसे वाचतात. आणि लांबटगोल कण तर आणखीनच वेगळे, अमेरिकेत काही शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये आपल्या जेम्ससारख्या चपट्या गोळ्या डब्यात ओतून मोजल्या तर त्या नुसत्या ओतूनच ६८ टक्क्यांच्या वर जागा भरत होत्या, गोल गोळ्या ६४ ला अडतात.

मातीचं बघा. शिरोळकडची काळी रानं उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळतात. त्या मातीचे कण म्हणजे अतिशय पातळ पापुद्रे, पापुद्र्यांच्या मधे पाणी शिरलं की फुगणार, निघालं की आक्रसणार, वर बांधलेल्या घराच्या भिंती त्यापायी चिरतात. फौंड्रीत साच्याच्या वाळूत घालतो ते बेंटोनाईट याच जातीचं. रानात शिव्या खाणारा गुण साच्यात कामाला येतो, थोडं पाणी घातलं की वाळूचा दाणा दाण्याला धरतो.

"म्हणजे केमिस्ट्रीला काही अर्थच नाही का?"

आहे की, मॅग्नेशियमच नसेल तर मोहरी कुठून येणार. केमिस्ट्री म्हणजे भाजी-मसाला आणून दिला, स्वयंपाक अजून व्हायचाय. तांबडा रस्सा कोणी किराणा मालाच्या यादीवरून पास करतं का?

आणि हे फक्त लोखंडापुरतं आहे असं वाटत असेल तर चॉकलेट घ्या. उन्हात गाडीच्या डिकीत वितळलं, घरी आणून फ्रीजमध्ये ठेवलं, घट्ट झालं पण पांढरट आणि भुसभुशीत. त्यातल्या कोको बटरचे स्फटिक सहा तऱ्हांनी रचले जाऊ शकतात आणि कंपनी मेहनतीनं पाचवी तऱ्हा आणते, ती ३४ अंशांच्या आसपास वितळते म्हणून तोंडात विरघळते आणि हातात टिकते. आपण फ्रीजमध्ये दुसरीच तऱ्हा आणली. औषधात तर याहून वाईट झालंय. एचआयव्हीवरचं रिटोनाविर नावाचं औषध १९९८ मध्ये त्या कॅप्सूलच्या रूपात बाजारातून काढावं लागलं, कारण कारखान्यात त्याच रेणूची एक नवीनच स्फटिक रचना अचानक तयार व्हायला लागली, ती नीट विरघळेना. रेणू तोच, रुग्णाच्या अंगाला लागेना. शेवटी औषधाचं रूपच बदलून परत आणावं लागलं.

भाच्याच्या लॉटचं काय झालं

मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. तुटलेले पीस कुठल्या बॉक्समधले, म्हणजे साच्यातले, आणि त्या दिवशी ओतायला किती वेळ लागला. तो म्हणाला थांबा बघून सांगतो. अर्ध्या तासानं फोन. तुटलेले सगळे पीस लाईनच्या शेवटच्या बॉक्समधले निघाले. आणि त्या दिवशी क्रेन अडकली होती, लेडल (वितळलेल्या लोखंडाची बादली) अधांतरी लटकत राहिली, वीसेक मिनिटं गेली असतील, कोणी वहीत लिहिलं नव्हतं पण हेल्परच्या लक्षात होतं.

मॅग्नेशियम १०९० अंशांलाच उकळतं आणि लेडलमधलं लोखंड १४०० च्या घरात. म्हणजे ते घातल्या क्षणापासून उडूनच जात असतं, दहा-बारा मिनिटांच्या आत ओतून मोकळं व्हायचं असतं, आमच्या भाषेत फेडिंग. स्पेक्ट्रोचा नमुना यांनी ट्रीटमेंट, म्हणजे मॅग्नेशियम घालणं, झाल्या झाल्या घेतला होता, तेव्हा मॅग्नेशियम होतंच, रिपोर्ट खरा होता. शेवटच्या बॉक्सपर्यंत ते उरलं नव्हतं.

"मग आता, मामा?"

म्हटलं शेवटच्या बॉक्सचा एक पीस काप, घासून मायक्रोस्कोपखाली घाल आणि फोटो पाठव. रात्री पावणेबाराला फोटो आला. मधेच एखाददुसरी मोहरी, बाकी सगळे पोहे आणि अळ्यांसारखे वाकडे तुकडे. मी त्याला लिहिलं, सकाळी सुरुवातीच्या बॉक्सचे पीस हातोडीनं वाजवून वेगळे काढ, खणखणले तर मीटरवर पण बघ, ते वाचतील. बाकीचे भट्टीत. आणि इथून पुढं नमुना शेवटच्या लेडलच्या तळाचा घ्यायचा, तेवढं तुझ्या सुपरवायझरला सांग, माझं नाव नको घेऊ.